माळावरच्या उभ्या दगडाचं टिपण कसं करावं

मोजणी खात्यात मी एकतीस वर्षं काढली. भूकरमापक म्हणून लागलो तेव्हा हातात साखळी होती, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. नंतर टेप आला आणि शेवटच्या काही वर्षांत मशीन. शिरूर, मुळशी, मावळ हे तालुके मी शिवार-शिवार चाललोय. या सगळ्या वाटचालीत उभे दगड दिसत राहिले. कधी माळाच्या मधोमध, कधी पाणंदीच्या वळणावर, कधी ओढ्याच्या काठाला करंजाखाली. नोकरीत असताना मी त्यांच्याकडं एकाच नजरेनं पाहिलं: ही हद्दीची खूण आहे का? असेल तर टिपणात घ्यायची, नसेल तर पुढं चालायचं.

त्यातला एक दगड मला अजून सलतो. मुळशीकडच्या एका पाणंदीला, माझ्यापेक्षा वीतभर उंच, एका अंगानं रुंद आणि दुसऱ्या अंगानं चपटा, कसलंही कोरीवकाम नसलेला. ज्या गटाची मोजणी होती त्याचे कोपरे मी आण्या-आण्यापर्यंत बरोबर घेतले. दगड तिथून वीसेक पावलांवर होता, पण कामाचा नव्हता म्हणून नोंदला नाही. वहीच्या समासात नुसती एक रेघ मारली. दहा-बारा वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा पाणंदीचा रस्ता झाला होता. दगड जेसीबीनं उपटून देवळापुढं सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलेला आणि त्याला ऑइलपेंट दिलेला. लोकांनी तो जपला होता, मनापासून जपला होता. पण त्याचं रुंद तोंड कुठल्या दिशेला होतं, तो नेमका कुठं उभा होता, जमिनीत किती गेला होता, हे कुणालाच सांगता येईना. मलाही येईना. त्याच्याजवळ टेप घेऊन उभा राहिलेला माणूस मीच होतो.

तेव्हापासून दगड दिसला की आधी टिपण करतो. लोक विचारतात, ‘आमच्या गावाकडं एक मोठा दगड उभा आहे, तो आदिमानवाच्या काळातला असेल का?’ त्याचं उत्तर दगडात थोडं असतं आणि दगडाच्या जागेत जास्त असतं. म्हणून हे टिपण कसं करायचं ते लिहितोय.

पिशवीत फार काही लागत नाही. तीस मीटरचा कापडी टेप, पाच मीटरचा लोखंडी टेप, एक मीटरची सरळ काठी, होकायंत्र, आलेखाच्या कागदाची वही, शिसपेन्सिल आणि चांगली बॅटरी. शिसपेन्सिलच घ्या. पेनाची शाई घामानं आणि पावसानं फुटते. खडू, ब्रश, तारेची घासणी, पाण्याची बाटली ओतायला म्हणून, यातलं काहीही दगडापाशी न्यायचं नाही. अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू फिरवणारे लोक मी पाहिलेत. खडू खाचेत बसतो आणि पुढच्या माणसाला खरी खाच कुठली ते कळत नाही.

महिना निवडायचा तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात गवत कमरेला येतं, बूड दिसत नाही, आणि बुडाला साप असण्याची भीती असते. उन्हाळ्यात गवत जळालेलं असतं, जमीन स्वच्छ दिसते, पण अकराच्या पुढं माळावर थांबवत नाही.

गावात गेल्यावर पहिलं काम दगडाकडं जायचं नाही, माणसाकडं जायचं. आणि तोंडातून ‘दगड’ हा शब्द काढायचा नाही. शेंदूर असो वा नसो, ‘या देवाला काय म्हणता?’ असं विचारायचं. शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका आजींना असंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘त्यो आमच्या शिवंचा राखनदार हाय. पोळ्याला नारळ असतो त्याला. माझी सासू घालायची, आता मी घालते.’ या तीन वाक्यांत दगडाचं काम, सण, आणि निदान दोन पिढ्यांची साक्ष आली. हे आजींच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, प्रमाण मराठीत सुधारून नाही. मग परवानगी मागायची. चप्पल काढायची का, बाईमाणसानं जवळ जावं का, फोटो चालेल का, सगळं आधी विचारायचं. त्या आजींनी फोटोला होकार दिला, पण हात लावू नको म्हणाल्या. हात न लावता उंची कशी मोजायची ते पुढं सांगतो.

आता दगड कशाचा असू शकतो ते बघू. पुण्याच्या आसपास उभा दिसणारा बहुतेक दगड प्रागैतिहासिक नसतो, हे मनाशी धरूनच जायचं. त्यानं दगडाची किंमत कमी होत नाही.

सगळ्यात आधी हद्दीचा दगड वगळायचा. इंग्रजी अमदानीतल्या जमीन मोजणीची घडी बसली ती आपल्याच जिल्ह्यात, इंदापुरात, १८३६ च्या सुमाराला. त्यानंतर शेतांच्या सर्व्हे नंबरांच्या कोपऱ्यांवर आणि गावांच्या शिवांवर दगड उभे राहिले. असा दगड सहसा गुडघ्याएवढा, ओबडधोबड घडवलेला आणि नकाशावर सापडणारा असतो. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा आणि दगडाची जागा त्यावर ठेवून बघा. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं दगड असेल तर तो सहसा हद्दीचाच. मात्र एक लक्षात ठेवा: पुष्कळ ठिकाणी हद्दच आधीपासून उभ्या असलेल्या दगडावर नेऊन टेकवलेली असते. म्हणून दगड नकाशावर सापडला की तो मोजणीच्याच काळातला, असं लगेच लिहायचं नाही.

मग विहिरीचे खांब. बुजलेल्या विहिरीच्या काठाला मोटेचं चाक धरणारे दोन दगडी खांब उभे राहतात, त्यातला एक पडला की दुसरा एकटा फार गूढ दिसतो. जवळ थारोळ्याचे, म्हणजे मोटेचं पाणी ज्यात पडतं त्या दगडी कुंडाचे, तुकडे आणि बैलांच्या धावेचा उतार शोधा. खांबाला आरपार भोक किंवा खोबण असेल तर प्रश्न मिटला.

तिसरी गोष्ट निसर्गाची. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसॉल्टचा. लाव्हा थंड होताना काही ठिकाणी त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब बनतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं ठळक उदाहरण. तसा एखादा खांब माळावर एकटा उभा असला तर तो तिथंच घडलाय की कुणी आणून रोवलाय, हे जवळच्या कड्याकडं बघून ठरवायचं. खांबाचा आकार निसर्गाचा आणि उभा केला माणसानं, असंही होतं.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, ओळखायला सगळ्यात सोपा. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गद्धेगळावर गाढवाची शापवाणी असते, ती जमिनीचं दान मोडणाऱ्यासाठी. हे सगळे शिलाहार-यादवांच्या काळापासूनचे, म्हणजे मध्ययुगातले. डोळा तयार करायचा असेल तर वाईजवळच्या किकलीला एकदा जाऊन या. तिथं वीरगळांची रांगच आहे. एका सकाळीत जेवढं कळतं तेवढं वाचून महिनाभरात कळत नाही.

पण चौकटी झिजलेल्या असतात, शेंदरात बुडालेल्या असतात. त्यासाठी उजेड तिरपा हवा. दुपारी बाराचा फोटो निरुपयोगी. सूर्य उगवल्यानंतरचा किंवा मावळतीआधीचा अर्धा तास धरायचा. त्या शिरूरच्या दगडापाशी मी दुपारभर बसलो होतो, समोरून तो साफ कोरा दिसत होता. सव्वासहाला उन्हाची तिरीप बाजूनं सरकत आली आणि वरच्या अंगाला आधी एक वाटोळी सावली उमटली, मग तिच्या शेजारी कोयत्यासारखी एक बारीक कड. चंद्र-सूर्य. पाच-सात मिनिटं दिसले आणि ऊन गेलं तसे पुन्हा दगडात गेले. अंधार पडल्यावर मी बॅटरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरली, तेव्हा खाली एका घोड्याचा मागचा पाय सापडला. आजी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘सत्तर वर्सं झाली नारळ फोडतोय, घोडा ठावं नव्हता.’

शेंदूर कधीही खरवडायचा नाही. तो देवाचा आहे आणि गावाचा आहे. शिवाय त्या थरांखाली दगड ऊन-पावसापासून वाचलेला असतो. कधीतरी शेंदराची खोळ आपोआप सुटून पडते, तेव्हा गाव बोलावतं. तोवर थांबायचं.

हे सगळं वगळून उरला कोरा, न घडवलेला, मुद्दाम उभा केलेला दगड. इथं घाई करू नका.

आधी आपल्या भागाचं एक सत्य. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ते गाव साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात नांदलं. ती माणसं आपली मेलेली माणसं घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मूल दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवत, मोठ्या माणसाचे पाय घोट्याशी तोडून पुरत. दफनावर मोठाले दगड मांडायची रीत त्यांची नव्हती. ती रीत विदर्भात ठसठशीत दिसते. नागपूर–काटोल रस्त्यालगत जुनापाणीला लोहयुगातली तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. माहुरझरीला दफनांत तांब्याचे अलंकार चढवलेले घोडे निघाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. तेव्हा पुण्याच्या माळावर विदर्भासारखं काही मिळेलच अशी आशा धरून जाऊ नये.

पण दार बंदही करू नये. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे माणूस, तरी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि माळ त्यांनी पायी धुंडाळले, नखाएवढी दगडी पाती वेचली, आणि १९६२ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणांवर, म्हणजे फार जुन्या काळी माणसांनी मांडलेल्या मोठाल्या दगडांवर, लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण मला मोजणीदार म्हणून फार पटतं. गावाबाहेरच्या देवतांची जुनी ठाणी पुष्कळदा पुरातन वाटांच्या चौफुल्यांवर असतात, आणि त्याच ठिकाणी ती बारीक दगडी हत्यारंही मिळतात. म्हणून टिपणात दगडाजवळून जाणारी प्रत्येक वाट घ्या. गाडीवाट, पाणंद, मेंढरांची वाट, सगळ्या. धनगर दिसले तर त्यांच्याजवळ बसा आणि पावसाळ्यात कुठून येता, दिवाळीनंतर कुठं जाता, हे विचारा. त्यांच्या वाटा आमच्या नकाशांपेक्षा जुन्या आहेत.

दगडाच्या बुडाशी काय बघायचं? उभा दगड खड्ड्यात सोडून भोवती लहान दगड ठोकून घट्ट करतात. ते आधाराचे दगड वर डोकावत असतील तर नोंदवा. भोवती गोल मांडलेले धोंडे आहेत का ते चालत बघा, पंधरा-वीस पावलांच्या फेऱ्यात. मध्ये जमीन किंचित फुगलेली आहे का? काळी-तांबडी खापरं पडलेली आहेत का? दगडावर वाटीसारखे लहान खळगे आहेत का? जुनापाणीच्या धोंड्यांवर असे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. मी तिथं एका खळग्यात बोट घालून बघितलं, आत गुळगुळीत, पहिलं पेर पुरतं बुडत नाही. पावसानं पडलेला खळगा वेडावाकडा आणि खरखरीत लागतो. हा फरक बोटाला कळतो, फोटोत कळत नाही. खापर दिसलं तर जागेवरच फोटो काढा, उचलून घरी आणू नका. आणि कुदळ तर सोडाच, काठीनंसुद्धा उकरायचं नाही.

आता मोजणी. दगडाची जागा तीन कायमच्या खुणांपासून मोजून घ्यायची. कायमची म्हणजे विहिरीचा दगडी कठडा, देवळाची पायरी, जुना पूल. झाड घेऊ नका, झाड जातं. बांध तर मुळीच घेऊ नका, बांध सरकतो, आणि का सरकतो ते मी एकतीस वर्षं ऐकलंय. तीन अंतरं असली की दगड उद्या हलला तरी त्याची जागा कागदावरून पुन्हा काढता येते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांशही लिहा, पण ते चार-पाच मीटर इकडं-तिकडं होतात, टेपची जागा घेत नाहीत.

दिशा घेताना एक खबरदारी. बेसॉल्टमध्ये लोहचुंबकी खनिज असतं, दगडाला टेकवलेलं होकायंत्र खोटं बोलतं. चार-पाच मीटर लांब उभं राहून रुंद तोंडाच्या रेषेत बघा, मग पलीकडच्या बाजूनं उलट बघा. दोन वाचनांत बरोबर १८० अंशांचा फरक आला तर आकडा घ्या, नाहीतर आणखी लांब जा. पुण्याच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमाराला सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो, २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. रुंद तोंड त्या रेषेत निघालं तर नोंद करा, पण एकट्या दगडावरून अनुमान काढू नका. दोन बाजूंचा कुठलाही दगड कुठंतरी बघतच असतो. एकाच रेषेतले चार-पाच दगड सापडले तर मात्र ती वही जपून ठेवा.

हात न लावता उंची अशी काढायची: एक मीटरची काठी सपाट जागी उभी धरून तिची सावली मोजायची, त्याच मिनिटाला दगडाची सावली मोजायची. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि दगडाची १ मीटर ३६ आली, तर १३६ भागिले ८०, उंची १ मीटर ७० सेंटिमीटर. जमीन उताराची असेल तर हा हिशेब चुकतो. परवानगी असेल तर रुंदी आणि जाडी तीन ठिकाणी घ्या, बुडाशी, मध्यावर आणि माथ्याला. कलंडलेला असेल तर ओळंबा सोडून कल मोजा. फोटो आठही बाजूंनी, काठी शेजारी उभी करून, आणि एक फोटो असा की ज्यात दगडामागचा डोंगर येईल.

वहीच्या पानावर वर उत्तर, मधे दगड, भोवती वाटा, पाणी, शेतं, तीन अंतरं, आणि खाली आजींचे शब्द. ‘निष्कर्ष’ असा रकाना मी ठेवतो, पण पहिल्या भेटीत तो कोराच राहू देतो.

तुलनेला खरोखरचे उभे महापाषाण बघायचे असतील तर तेलंगणातल्या नारायणपेठ जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी मुदुमलला जा. पुण्याहून सोलापूरमार्गे रायचूरपर्यंत रेल्वे आहे. पुढं गाडी करावी लागते. दहा ते चौदा फुटांचे दगड तिथं उभे आहेत, एका शिळेवरच्या खळग्यांत सप्तर्षी ओळखू येतात, आणि २०२५ मध्ये ती जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यातल्याही एका दगडाला लोक देवी म्हणून पूजतात. पहाटेच पोचा. सावल्या लांब असताना त्यांच्या रांगा जशा समजतात तशा नंतर समजत नाहीत.

परत आल्यावर काही विशेष वाटलं तर टिपणाची प्रत डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्य पुरातत्त्व खात्याला द्या. समाजमाध्यमांवर मात्र नेमकी जागा टाकू नका. ‘प्राचीन’ हा शब्द ऐकला की गुप्तधन शोधणारे रात्री पहार घेऊन येतात. बुडाशी खणलेले दगड मी तीन गावांत पाहिलेत, त्यातले दोन आडवे झाले होते. गावकऱ्यांना हेही सांगा की जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर ते कलेक्टरला कळवावं लागतं, तसा कायदा १८७८ पासून आहे. आणि दगडाखाली सोनं नसतं हे स्पष्ट शब्दांत सांगा, दोनदा सांगा.

एक प्रत गावातच ठेवायची, शाळेत किंवा नारळ फोडणाऱ्या घरी. शिरूरच्या आजींना मी प्लास्टिकमध्ये घालून दिली, तेलाच्या हातानं कागद खराब होऊ नये म्हणून. त्यांना वाचता येत नाही. नातवाकडून तीन अंतरं वाचून घेतली, ‘विहिरीपासून एवढं, देवळापासून एवढं’ असं स्वतःशी दोनदा म्हटलं, आणि कागद देवळीत, हळद-कुंकवाच्या कोयरीखाली ठेवला.